अंगठा लागते का?

आमच्या दुकानात बुटांपेक्षा किस्से जास्त साठतात. बुटांचा निदान सेल तरी लावता येतो!

धरमपेठेत आमचं लहान मुलांच्या चपला-बुटांचं दुकान आहे. काउंटरवर आमचे हे, आणि पोरांच्या पायाशी छोट्या स्टुलावर मी. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, त्यात काय कठीण? पाय मोजायचा, बूट द्यायचा. पहिल्याच जूनमध्ये कळलं, की वाढत्या पायाला बूट घेणं ही खरेदी नसते, ते घरचं भांडण असतं. घरी सुरू झालेलं, आमच्याकडे येऊन रंगात येतं.

आता हेच पाहा.

* * *

एक पहिलीतला पोट्टा. टाच आपटली की लाल-निळे लाइट लागतात, त्या बुटांवर त्याचा जीव जडला. नेमका त्याच्या नंबरचा जोड संपलेला. उरलेला एक नंबर लहान. तोच त्याने कसाबसा पायात कोंबला.

आईने विचारलं, "टाइट होऊन राहिलं का रे?"

"नाही."

मी पुढून दाबून पाहिलं, तर अंगठा सापडेचना! पठ्ठ्याने पाचही बोटं आत मुडपून घेतली होती.

"बाळा, जरा चालून दाखव," मी म्हटलं.

तो चालला. बदकासारखा, दातओठ खात, पण लाइट लावत चालला. आरशापर्यंत पोचेस्तोवर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आई घाबरली. "दुखते का? मग रडून काहून राहिला?"

"खुशीनं!"

* * *

काटोलचे एक काका संत्री विकायला नागपूरला आले होते. बूट घ्यायचे पोरासाठी, आणि पोरगं घरी. मी विचारलं, "काका, माप?"

त्यांनी खिशातून खराट्याची काडी काढली. पोराच्या पायाएवढी बरोब्बर तोडून आणली होती म्हणे. पण बसच्या गर्दीत काडी मोडली होती. एक तुकडा हातात, दुसरा बसमध्येच पडलेला.

"आता काय करायचं?"

"अर्ध्यातूनच तुटली असन," काका म्हणाले. "डबल करा ना!"

आमच्या ह्यांना वाटलं, आपण हुशारी दाखवावी. म्हणाले, "व्हिडिओ कॉल लावा." लावला. पोराने तिकडून आपला पाय फोनच्या इतका जवळ आणला, की सगळ्या स्क्रीनवर तळपायच तळपाय! काकांनी एक बूट उचलून फोनवरच ठेवला आणि खूश झाले.

"पाहा, फिट हाय!"

"काका, तो पाय जवळ आणला म्हणून मोठा दिसून राहिला," हे म्हणाले.

काकांना पटलं. फोन तोंडाशी धरून ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, "पोरा, पाय मांगं घे! एक नंबर कमी कर!"

शेवटी पुढच्या खेपेला पोरालाच घेऊन आले.

* * *

एक बाई तणतणत आल्या. मागून नवरा, हातात बुटांचा डबा.

"तुमच्याच इथून नेले होते. आमचं लेकरू रोज रडते, अंगठा दुखते म्हणते. असा कसा नंबर देल्ला तुम्ही?"

मी बूट हातात घेतला, आत बोटं घातली, आणि पॅकिंगच्या कागदाचा हा एवढा बोळा बाहेर काढला. मग दुसऱ्या बुटातून दुसरा.

बाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "पहिल्या दिवशी बूट कोणी घालून देल्ले होते?"

नवरा अगदी शांतपणे म्हणाला, "मले वाटलं, तो कंपनीनंच ठेवला हाय. वाढत्या पायासाठी. पाय वाढला, का काढून टाकाचा!"

खरं सांगू? मला त्याचं म्हणणं क्षणभर पटलंच होतं.

* * *

रविवारची संध्याकाळ. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक कुटुंब आलं: आई, बाबा, आजी, आत्या आणि सोबत दोन पोरं. शाळेचे काळे बूट घ्यायचे होते.

माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलेल्या पोराला मी एक जोड घातला. आजीने वाकून अंगठा दाबला. "बोटभर जागा पाह्यजे. हा एका महिन्यात लहान होते."

बाबांनी दाबून पाहिलं. "आई, मोजे घातले का भरते तो."

आत्या म्हणाली, "वयनी, मोठा घ्या, समोर कापूस भरा."

"कापूस भरून पोरगं पळन कसं?" आई चिडली.

मी एकेक नंबर काढत गेले. चार जोड घालून झाले, चार काढून झाले. बाजूची गिऱ्हाइकंही भांडणात उतरली. एका आजोबांनी तर येऊन स्वतःच अंगठा दाबून पाहिला! सगळ्यांच्या नजरा बुटावर. गुडघ्याच्या वर कोणी पाहिलंच नाही.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, पोराला तर विचारा! सांग बाळा, तुला कसं वाटतं?"

"चांगले हायेत," तो म्हणाला. "पण बूट तं पिंटूले घ्याचे होते ना?"

पिंटू बाहेर गोळा खात उभा होता. हा त्याचा मामेभाऊ, सुट्टीत आलेला.

आजी कडाडली, "मंग तू काहून बसला इथं?"

"स्टूल रिकामं होतं!"

* * *

आणि ही मौद्याहून आलेली पोरगी.

दुपारची वेळ, दुकान रिकामं. आई आणि सातवीतली मुलगी. मुलगी उंच, खांदे पाडून उभी, एक पाय दुसऱ्या पायामागे लपवत. आईने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी आली.

"ताई, थोडे टाइटच द्या वं. पाय आटोक्यात राहीन."

"म्हणजे?"

"थांबूनच नाही राहिला हिचा पाय! पोरीचा कुठं एवढा पाय असते? उद्या पाहुणे आले पाहाले, तं पह्यले पायच दिसन त्याईले."

मी पोरीला बसवलं. जुने बूट काढले. दोन्ही टाचा सोललेल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं. शाळेत ती धावण्यात पहिली येते, हेही आईनेच सांगितलं. तक्रारीच्या सुरात!

माप घेतलं. सात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी हळूच पुटपुटली, "ताई, सहाच सांगा ना."

मी माझी चप्पल काढली आणि माझा पाय तिच्या पायाला लावून ठेवला. माझा बोटभर पुढे गेला.

"आठ," मी म्हटलं. "लेडीजमध्ये मनासारखी मिळतच नाही. मी जेंट्सची घालते."

पोरगी पाहतच राहिली. आईसुद्धा. एकदा माझ्या पायाकडे, एकदा माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

"अन् तुमचं लग्न…?"

"झालं ना. हे काय, काउंटरवर बसले आहेत."

आईने वळून ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भाजीबाजारात वांगं उलटसुलट करून पाहतात ना, तसं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सातच द्या. मोकळे द्या. वाढन अजून तिचा पाय."

पोरीने लेस बांधल्या आणि दारापासून आरशापर्यंत पळून पाहिलं. परत येताना पहिल्यांदा हसली. खांदेही वर आले होते.

निघताना ती काउंटरपाशी थांबली. "काका, तुमचा किती नंबर हाय?"

हे बिल करत होते. मान वर केली नाही. फक्त आपले सहा नंबरचे दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.