दीक्षाचा गुरुवार

कुरुळीला दादासाहेबांच्या कारखान्यात ब्रेकचे भाग बनतात, आणि कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा हे एकच सर्व्हर सांगतो. तो सांभाळते दापोडीची दीक्षा.

ऑफिसातले विंडोजचे संगणक अपडेट आलं की ऐन कामात बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि सगळ्यांच्या शिव्या खातात. सर्व्हर लिनक्सचा. चार वर्षांत एकदाही बंद झाला नाही म्हणून त्याचं कोण कौतुक. दीक्षाला नेमकी त्याचीच धास्ती होती. चार वर्षं बंद नाही म्हणजे चार वर्षं डागडुजी नाही. चोरांनी नव्या किल्ल्या करून घेतल्या आणि आपलं कुलूप तेच.

तिचे बाबा, किसन, पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. गुरुवारी कंपनीला सुट्टी असे, तरी महिन्यातून एका गुरुवारी ते मशिनं उघडायला जात. "बंद करून परत चालू होतं, तेच मशीन आपलं," ते म्हणत.

असा एक दिवस दीक्षा दोन वर्षं मागत होती. पण इथे तीन पाळ्या, सुट्टी कसली. "चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस," मॅनेजर उद्धवराव दर वेळी म्हणायचे. ट्रक थांबला की त्यांना ताप भरतो.

शेवटी खंडेनवमीने दिवस दिला. दादासाहेब गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. "चालू मशिनीची पूजा करत न्हाईत," त्यांनी सांगितलं. "सांजच्यापत्तोर समदं बंद."

"सर्व्हरसुद्धा?" दीक्षाने विचारलं.

"ते मशीन न्हाई व्हय?"

आदल्या दिवशी तिने एका जादा संगणकावर सगळ्याची नक्कल उतरवली, उघडून तपासली. सकाळी सर्व्हर बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. आतली डिस्क दोनदा कुरकुरली आणि गप्प झाली.

"धडधाकट मशीन मारलंस," उद्धवराव म्हणाले. "संध्याकाळी ट्रक अडले तर राजीनामा घेऊन ये."

ती जेवायलाही उठली नाही. चार वाजता जादा संगणक नव्या कुलपांसह सर्व्हरचं काम करू लागला. तेवढ्यात दादासाहेब पूजेचं ताट घेऊन आले, मागोमाग उद्धवराव.

"झाला चालू?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. दीक्षा म्हणाली, "जुना गेला, दादासाहेब. हा दुसरा आहे."

"आज बंद केला नसता तर?" दादासाहेबांनी विचारलं.

"तर कधीतरी भर पाळीत, ट्रक गेटवर असताना गेला असता. आणि नक्कलही नसती."

दादासाहेबांनी उद्धवरावांकडे पाहिलं. मग जुन्या सर्व्हरवर झेंडूचं एक फूल ठेवलं, नव्यावर एक. "म्हैन्यातला एक गुरुवार हिचा. त्या दिशी ही म्हनंल ते बंद."

दीक्षाने बाबांना फोन लावला. "मला गुरुवार मिळाला," तिने सांगितलं.

बाबांनी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "त्या दिवशी डबा दोघांचा आण. मी बघायला येतो."