उद्या म्हणाल तर कांदे चिरा

फेब्रुवारीची सकाळ. मालिन्चे डोंगराच्या माथ्यावर बर्फ भुरभुरून गेलं होतं आणि खाली अंगणातल्या पिंपात पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. कासिल्दानं तो मुठीनं फोडला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि चुन्याच्या निवळीत मुरलेला मका धुवायला घेतला. दोन्ही तळव्यांत दाणे चोळले की पिवळी सालं सुटून वर तरंगत. ती सालं ती अंगणातल्या टर्क्यांकडं भिरकावी. चार माद्या आणि एक नर. नर मोठा मिजासखोर, गळ्याची लाल पिशवी हलवत तिच्यावरच डाफरायचा.

"वरड, वरड," ती त्याला म्हणाली. "सणाला तुझीच पाळी हाय."

सण दर वर्षी येई आणि पाळी कुणा दुसऱ्याचीच लागे. नर आता सहा वर्षांचा झाला होता.

हे घर दारूतून सुटू पाहणाऱ्यांचं. माणसं इथं नऊ महिने राहायची. सध्या बावीस होती, चौदा पुरुष आणि आठ बाया. घराचा मुख्य बाल्दोमेरो, एके काळचा ट्रक ड्रायव्हर. स्वतः पिऊन तीन ट्रक दरीत घातलेला, पण आता एकवीस वर्षं कोरडा. त्याला सगळे पाद्रीनो म्हणत. आपल्या आधी चिखलातून बाहेर पडून मागच्याला हात देणारा, असा तो मान. कासिल्दा सतरा वर्षं इथला स्वयंपाक सांभाळत होती.

बाल्दोमेरो दालचिनी घातलेल्या कॉफीचा मग घेऊन चुलीपाशी घुटमळला. हा माणूस घुटमळला की समजावं, तोंडात काहीतरी कडू आहे.

"कासिल्दा, एक सांगायचंय. आधी हातातला डाव खाली ठेव."

"डाव ऱ्हाऊ दे हातात. तू बोल."

"त्या पुएब्लाच्या मॅडमनी पाच वर्षांचा कच्चा आराखडा केलाय. राजधानीतल्या पैसे देणाऱ्या संस्थेला द्यायचाय ना, तो. त्यात स्वयंपाकघर बंद. जेवण बाहेरून डब्यांत येणार, दुपारी एकच्या ठोक्याला. इथली भिंत पाडून आठ खाटांची खोली."

"आन् मी?"

"तुझ्यासाठी लिहिलंय, सन्मानानं निवृत्ती."

"म्हंजी केक कापून हाकलनार."

"आज चर्चा आहे. अजून पक्कं काही नाही."

तिनं भांड्यातला घेवडा इतक्या जोरात ढवळला, की दोन दाणे उडून बाल्दोमेरोच्या कॉफीत पडले. त्यानं ते मुकाट्यानं खाल्ले.

कासिल्दा कुआमात्सी त्रेसष्ट वर्षांची. बाप घायपातांच्या बांधावर राबणारा. पहाटे लांब भोपळा तोंडाला लावून घायपाताच्या पोटातला रस ओढायचा आणि त्याची पुल्के दारू आंबवायचा. पोरं दुधाआधी पुल्केच चाटत. मोठी झाल्यावर कासिल्दानं बस थांब्यावर भाकऱ्या आणि पुल्के विकली. पुढं भाकऱ्या विकल्या आणि पुल्के स्वतःच प्यायली. त्या मुलखात दारू सोडायची रीत म्हणजे देवळात जाऊन मेरीमातेसमोर शपथ घ्यायची. तीन महिने, सहा महिने, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. पाद्री छापील कार्डावर तारीख घालून देतो. कासिल्दाकडं अशी सात कार्डं होती आणि एकही शपथ तिनं मोडली नव्हती. फक्त शेवटच्या दिवशी बाटली मांडीवर घेऊन ती घड्याळाकडं बघत बसायची. शपथ सुटायचा टोला पडला, की बूच उडालं.

आठव्या खेपेला बहिणीनं तिला देवळात नेलं नाही. खराट्यांनी भरलेल्या टेम्पोत घालून इथं आणून टाकलं. कासिल्दानं विचारलं, "किती महिन्यांची शपथ?" बाल्दोमेरो म्हणाला, "महिन्यांची नाही. फक्त आजची." ती हसली. एका दिवसाची शपथ तर कुणीही घेईल! ती एका दिवसाची शपथ ती आजवर घेत आली होती.

म्हणूनच ह्या घरात 'उद्या' हा शब्द चालत नसे. उद्या सोडतो, उद्यापासून नाही, हे बोलून बोलून सगळ्यांच्या जिभा झिजल्या होत्या. घरात जो कुणी तो शब्द काढील त्याच्यासाठी टेबलावर चमचे बडवायचे आणि त्यानं उठून कांदे चिरायचे. एका शब्दाला एक कांदा. कासिल्दाला कांदे चिरायला माणूस कमी पडला, असं सतरा वर्षांत झालं नव्हतं.

न्याहारी उरकल्यावर पुएब्ला शहरातून आलेल्या त्या रेनाता मॅडमनी जेवणघराच्या भिंतीला लांबलचक तपकिरी कागद चिकटवला आणि सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. पस्तिशीची, चटपटीत बाई. थंडीनं नाक लाल झालेलं, पण उत्साह उतू चाललेला. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी होती. कासिल्दा तिथं मिरच्यांची देठं काढत कान देऊन बसली.

"पाच वर्षांनी हे घर कुठं असेल?" मॅडमनी विचारलं. "मनात येईल ते लिहा."

"हितंच असंल की, मॅडम," निकानोरा म्हणाली. "घराला काय चाकं हायत?"

निकानोरा लग्नाच्या बँडमध्ये गाणारी. ह्या घरातला पाचवा महिना चालू होता तिचा. आवाज बसला होता, जीभ मात्र शाबूत होती.

सगळे खाली मान घालून लिहायला लागले. मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मोठ्यानं वाचायला घेतल्या. "आज प्यायलो नाही." दुसरी. "आज प्यायले नाही." तिसरी तीच. अशा एकवीस. बाविसावी कोरी होती, ती ओदिलोनची. बस चालवायचा तो. येऊन नऊ दिवस झाले होते आणि हातात पेन ठरत नव्हतं.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "अहो, छान आहे हे. पण मी उद्याचं विचारतेय! जरा उद्याचा विचार..."

बावीस चमचे टेबलावर असे कडाडले, की बाहेर टर्कीचा नर बिथरून कुडावर चढला.

"कांदे! कांदे!"

बाल्दोमेरोनं कान खाजवत रीत समजावून सांगितली. "तुम्ही पाहुण्या आहात. तुम्हाला माफ."

"माफ कशाला?" मॅडम उभ्या राहिल्या. "किती वेळा म्हटलं मी सकाळपासून?"

"अकरा," खिडकीतून कासिल्दा म्हणाली. "न्याहारीपासनं मोजत हाय."

मॅडम आत आल्या, कोट खुंटीला अडकवला आणि सुरी घेतली. पहिल्या कांद्यालाच डोळ्यांतून धारा. चिरलेले तुकडे असे, की एक टर्कीला घालावा आणि दुसरा घराच्या पायाभरणीला. कासिल्दा बघत राहिली. हसू दाबता येईना आणि राग तर धरायचाच होता. समोर ओदिलोन परातीत घेवडा निवडत होता. बोटं थरथरत, दाणे परातीबाहेर उड्या मारत, आणि तो एकेक दाणा जमिनीवरून उचलून पुसून परत टाकत होता. निकानोरा तव्यापाशी भाकऱ्या थापत होती.

"ह्यांना हेच काम का?" मॅडमनी नाक पुसत विचारलं.

"मंग काय सुरी देऊ? नववा दिस हाय त्येचा." कासिल्दा तुटकपणे म्हणाली. "पयल्यांदा घेवडा. हात थरथरला तरी घेवड्याला कळत न्हाई. तिसऱ्या आठवड्यात सुरी. दुसऱ्या महिन्यात भाकरी. पयली भाकरी बघा कुनाचीबी, फाटक्या गोधडीवानी. मंग एक दिस गोल होती. मंग तव्यावर फुगती. फुगली की समजायचं, हात थरथरायचा थांबला आन् डोकं बी थाऱ्यावर आलं."

"माझी फुगली तवा ह्या म्हणाल्या, आता तू लग्नाला तयार," निकानोरा म्हणाली. "म्हटलं, मावशी, तीन झाली की! आता नको."

मॅडमची सुरी थांबली होती. "आणि भाकरीनंतर?"

"मंग कोठी." कासिल्दानं गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला. मेरीमातेच्या बिल्ल्याशेजारी किल्ली होती. "शिरका हाय आत, व्हॅनिलाची बाटली हाय. व्हॅनिलात बी दारू असती, ठावं हाय का? पाचव्या महिन्यात एकट्याला कोठीत पाठवते. आनायला सांगते एक कांदा."

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

"लिव्हायचं कशाला? भाकरीवर दिसतंय की."

मॅडमनी डोळे पुसले. ते आता कांद्यानंच वाहत होते असं नाही. "कासिल्दाबाई, संस्था मला विचारते, माणूस सुधारतोय हे कशावरून. महिनाभर मी प्रश्नपत्रिका तयार करतेय. आणि तुम्ही घेवड्यानं मोजताय." त्या थांबल्या. "आतापर्यंत किल्ली कुणाकुणाकडे सोपवलीत?"

"सोपवली म्हंजी? कोठी उघडत्यात, आनत्यात, आन् किल्ली माझ्या गळ्यात."

"सतरा वर्षं?"

"सतरा वर्सं."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी पडत न्हाई."

"म्हणून तर मी स्वयंपाकघर काढलं आराखड्यातून," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "वाईट आहे म्हणून नाही हो. एकाच माणसाच्या गळ्यात अडकलंय म्हणून. संस्था मला पहिलं विचारणार, पाच वर्षांनी ही किल्ली कुणाकडे असेल? माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्याकडं आहे?"

"आज माझ्याकडं हाय," कासिल्दा म्हणाली. पण ते तिलाच जरा लंगडं वाटलं.

ती वळली आणि मोठ्या पातेल्यात मका ओतू लागली. वर पाणी, मग चुन्याची मूठ. रोज ह्याच वेळेला तो चुलीवर चढे.

"सकाळी दळलात ना मका?" मॅडम म्हणाल्या. "मग हा कुठल्या दिवसाचा?"

तवा सोडून निकानोरा वळून बघायला लागली. ओदिलोनचे दाणेही थांबले.

"बोला की, मावशी," निकानोरा गालातल्या गालात हसत म्हणाली. "कुठल्या दिवसाचा?"

"मका आज भिजवायचा असतो," कासिल्दा फणकारली. "तुझी भाकरी करपली. तिकडं बघ."

भाकरी खरंच करपली होती. पण कासिल्दा पातेल्याकडंच बघत राहिली. तिला बाप आठवला. दारुडा, शिवराळ, कामाला मात्र वाघ. बांधावर तो घायपाताची पिल्लं लावायचा. घायपात रसाला यायला दहा वर्षं लागतात. तो मेला तेव्हा शेवटच्या रांगेला सातवंच वर्ष होतं. उद्याबिद्या काही न म्हणता तो खड्डे खणत गेला होता. आणि ती स्वतः? सहा हजारांवर वेळा तिनं मका भिजवला होता आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी तो भुकेल्या तोंडांनी खाल्ला होता.

दुपारचं जेवण झालं. कांदा जाडाभरडा होता. सगळ्यांनी मॅडमना तसं सांगितलंसुद्धा. ताटं उचलायच्या आधी कासिल्दा हात पुसत तपकिरी कागदापुढं येऊन उभी राहिली. ती जेवणघरात अशी मधोमध कधी येत नसे. गलका आपोआप विरला.

"मॅडम, लिव्हा."

तिनं डोक्यावरून दोरा काढला. किल्ली केसांत अडकली, ती ओढून सोडवली. मेरीमाता परत गळ्यात घातली आणि किल्ली मुठीत धरली.

"उद्यापासनं कोठीची किल्ली निकानोराकडं."

सतरा वर्षांत कासिल्दाच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. मग कोपऱ्यातून एक चमचा वाजला. थरथरत, अडखळत, पण वाजला. तो ओदिलोनचा होता. त्याच्यामागं सगळे चमचे.

"कांदा! मावशीला कांदा!"

"मला?" निकानोरा जागेवरून उठली. "मावशी, माझे चार महिने ऱ्हायलेत. मग मी जाणार..."

"कुठं जानार? बँडवाले वाट बघत्यात का?"

निकानोरानं किल्ली घेतली, तळहातावर उलटीसुलटी केली. "तुम्ही रोज कटकट करणार असाल तरच ऱ्हाते."

"ती रोज करीन. ती बी लिव्हा, मॅडम."

मॅडमनी खरंच लिहिलं. पहिल्या ओळीत स्वयंपाकघर, त्याखाली घेवडा, सुरी, भाकरी, कोठी, असा सगळा चढ. मग पेन दाताखाली धरून त्या अंगणाकडं बघायला लागल्या. "आठ खाटा मात्र हव्यातच. कितीतरी माणसं दाराबाहेर थांबलीत. टर्क्यांचं खुराडं आहे ना, ती जागा..."

"माझ्या टर्क्या?"

"मागं विहिरीकडं हलवू," बाल्दोमेरो घाईनं म्हणाला.

"तितं वारं लागतं नराला."

"कासिल्दा, त्याला तू सहा वर्षं कापायला काढतेयस."

ती बाहेर जाऊन बघून आली, वारं खरंच लागतं का. परत आली तेव्हा म्हणाली, "एका बाजूनं पत्रा ठोकून द्या." आणि स्वयंपाकघरात गेली.

मका मंद आचेवर होता. चुन्याचा वास सुटला होता. तिनं एक दाणा चिमटीत दाबून बघितला, साल सुटतंय. पातेलं उतरवून झाकण ठेवलं आणि ओदिलोनसमोर पाटावर बसली. ओदिलोननं तिला सुरी उचलून द्यायला हात पुढं केला.

"तिसरा आठवडा," तिनं त्याच्या बोटांवर चापट मारली.

मग त्यानं टोपलीतून एक कांदा उचलला आणि तिच्यापुढं धरला. तिनं निवडून घेतला, तो नाही, त्याच्याखालचा मोठा. सालं टर्क्यांसाठी बाजूला ठेवली, आणि बारीक चिरायला लागली.