फॅमिली रूम
दवाखान्यातला हिरवा पडदा हलला, की मला नौपाड्यातलं ते हॉटेल आठवतं. मी मॅट्रिक झालो म्हणून वडील आम्हाला जेवायला घेऊन गेले होते. आई जन्मात पहिल्यांदा हॉटेलात येत होती, तीही लग्नातला शालू नेसून. वडिलांनी हेच हॉटेल निवडलं, कारण इथे बायकामाणसांसाठी 'फॅमिली रूम' होती. तशाच हिरव्या पडद्याआड आम्ही तिघं, समोर कळकट भिंत आणि पलीकडे भटारखान्यातली फोडणी. पुरी मोडताना आई हळूच म्हणाली, "अहो, बाहेर बसलो असतो तर रस्ता तरी दिसला असता. हे आपलं स्वयंपाकघरच की!" वडील ओशाळून म्हणाले, "पुढच्या वेळी बसू हं." पुढची वेळ तिच्या वाट्याला आली नाही. आता मी हॉटेलात रस्त्याकडचंच टेबल धरतो आणि तिने काय काय पाहिलं असतं ते बघत राहतो. ताटातलं निवून जातं.