बस्त्याच्या दिवशी पांढरं

"कोण गेलं तुमच्यात?"

काकूंनी गल्ल्यावरूनच विचारलं. काकू म्हणजे आमच्या मालकांच्या आई. दुकान भरलेलं. लग्नाच्या बस्त्याला आलेलं अख्खं कुटुंब समोर, नवरी, तिची आई, मावश्या. मी नुकतंच आत पाऊल टाकलं होतं.

"कोणी नाही, काकू."

"मग बस्त्याला पांढरं नेसून आलात ते? अपशकुन करायला?"

चौदा एप्रिल होता. मी धायरीच्या विहारातून वंदना अर्धी टाकून आले होते. जयंतीला आम्ही पांढरं नेसतो. आमच्यात तो मानाचा रंग. कसब्यातल्या त्या दुकानात साड्या दाखवायला लागल्यापासून काकूंना हे कितीदा सांगितलं असेल. त्यांना लांबून पदर बघून साडी कुठल्या गावची ते कळतं. एवढं मात्र लक्षात राहत नाही.

सुट्टी मी होळीपासून मागत होते. "बघू," एवढंच मालकांचं उत्तर. लोकांना सुट्टी असते तेव्हाच दुकान चालतं, हे मलाही कळतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की लोक सरळ आमच्याकडे येतात, आणि आम्ही उभे. पण मालकांना कुलदैवताला जायचं असलं की शटर खाली. तो दिवस आमच्या सुट्टीत धरतात. काही सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, असं कायदा सांगतो. आमच्याकडे मिळून म्हणजे मालक आणि त्यांच्या आई.

यंदा कसे कोण जाणे, "बरं, घ्या" म्हणाले. मी लेकीला सांगून टाकलं. नववीतली पोर. विहारात पहिल्यांदाच भाषण करणार होती. पाठ करकरून घसा बसवून घेतला होता तिने. तिचं नाव पुकारलं, ती उठली आणि मालकांचा फोन आला.

"मोठा बस्ता आलाय. तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही. लगेच या. नाहीतर उद्यापासून येऊच नका."

माझा नवरा रिक्षा चालवायचा. अपघातात पाय गेला, तेव्हापासून घर माझ्या पगारावर आहे. मी उठले. लेक माईकसमोर उभी राहून मला जाताना बघत होती. ती काय बोलली ते मी अजून ऐकलेलं नाही. बसमध्ये पदर तोंडात कोंबून रडले. शेजारच्या बाईने खिडकीबाहेर बघितलं.

आणि इथे अपशकुन.

काकूंनी काउंटरवरची हिरवी साडी माझ्या अंगावर फेकली. "ही गुंडाळा वरून. ते पांढरं दिसता कामा नये."

गुंडाळली मी. नवऱ्याचा पाय डोळ्यांपुढे आला आणि गुंडाळली. एप्रिलचा उकाडा, अंगावर दोन साड्या, पाठीवरून घामाच्या धारा. तशीच शालू उलगडून दाखवत राहिले. नवरीच्या मावशीला दया आली असावी. "बरं नाही का हिला?" तिने मालकांना विचारलं. मला नाही.

मालक हसले. "छे हो. आज यांचा डीजेचा दिवस. कामात लक्ष कुठलं लागायला."

सगळे हसले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकाही हसल्या.

माझी पोर घसा बसेपर्यंत पाठ करत होती. आणि यांना डीजे दिसला. संताप आला. भीतीही होती, खोटं कशाला सांगू. पण ती रागाखाली दबली.

मी हिरवी साडी उतरवली. घडी घातली, सवयच ती. काकूंपुढे ठेवली.

"आज माझी सुट्टी आहे."

"मग कायमचीच घ्या," मालक म्हणाले.

"उद्या नाही माझी सुट्टी. उद्या मी येणार."

घरी पोचले तोवर विहारातला कार्यक्रम संपला होता. लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला जवळ घ्यायला गेले, तिने हात झटकला. बरोबरच होतं तिचं. ते भाषण पुन्हा पहिल्यांदा होणार नव्हतं. नवरा म्हणाला, "माफी माग. खायचं काय आपण?" त्याचंही चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी माझ्या काउंटरला जाऊन उभी राहिले. इतर बायकांनी माना खाली घातल्या. एकही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली नाही.

"तुम्हाला काढलंय," मालक म्हणाले.

"काढायचं तर नियमाने काढा. नाहीतर कामगार कार्यालयात मी आजच जाते. आणि सुट्ट्या ठरवायला बसाल तेव्हा मला बोलवा. नाही बोलावलंत तरी मी येऊन बसणार आहे."

काकूंनी चष्मा खाली घेऊन मला आपादमस्तक न्याहाळलं. "अहो, बसणार कुठे तुम्ही?"

"तुमच्या शेजारी," मी म्हणाले.