लॉकरची चावी माझ्याच पर्समध्ये होती

आधीच सांगून टाकते... मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, आणि रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की पायानं उडवून पुढं जाणारी बाई आहे. लोकांचे असले चमत्काराचे अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत आले ते फक्त हसायला. तरी हे लिहितेय, कारण यातली एक गोष्ट मी तीन वर्षं खोडून काढायला बघतेय, आणि ती काही केल्या खोडली जात नाही.

आमचं घर धावड्याला, भोकरदन तालुक्यात. बौद्ध घर — अंगारे-धुपारे, गंडे-दोरे उंबऱ्याच्या आत येत नाहीत. माझ्या सासूबाई कौसाबाई तर माझ्याहून कडक. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की त्या बादलीभर गार पाणी घेऊन जायच्या. 'ताप चढला आसंल' म्हणायच्या, आणि खरंच, पाणी बघूनच अंगातलं उतरायचं.

ज्या बाळंतपणाची ही गोष्ट आहे, त्याच्या चार वर्षं आधी मला एक मुलगी झाली होती. आठव्या महिन्यात. ती रडलीच नाही. तिच्यासाठी मी एक पिवळं टोपडं विणलं होतं, लोकर संपली म्हणून त्याला गोंडा निळा लावलेला. घरी आल्यावर ते मी कपाटातल्या लॉकरमध्ये टाकलं, कुलूप फिरवलं आणि चावी पर्समध्ये ठेवली. दुसरी चावी कधीच हरवलेली. त्यानंतर मी लॉकर उघडलं नाही आणि तिचा विषयही काढला नाही. दुसऱ्या वेळी पोट दिसायला लागलं, शाळेतल्या नवीन मॅडमनी 'पहिलंच ना?' विचारलं, तर मी सरळ मान हलवली.

कळा सकाळी सात वाजता सुरू झाल्या. शेजारच्या जीपनं भोकरदनला गेलो — मी, माझा नवरा प्रमोद आणि माझी आई. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्या घरी थांबल्या. दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं बराबर चाललं होतं, मग थांबलं. कळा येत होत्या, बाळ तसूभर सरकत नव्हतं. चारच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टर मॅडम शांत होत्या. सिझर करावं लागेल, भूलतज्ज्ञ निघालेत, एवढं त्यांनी सांगितलं आणि प्रमोदला सहीला बोलावलं.

ठोक्यांचं मशीन माझ्या उशाशीच होतं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललेलं मला ऐकू येत होतं. मागच्या वेळीही मी हेच ऐकलं होतं, आणि पुढं काय होतं ते मला माहीत होतं. मी घाबरले, अगदी खरं सांगते. ऑपरेशनची भीती नव्हती. मला फक्त बाळ रडलेलं ऐकायचं होतं.

आणि तेवढ्यात — खट्. मग कर्रर्र...

आमच्या लॉकरचा आवाज. आधी कुलूप सुटतं, मग बिजागरी कुरकुरते. मी तो चार वर्षांत ऐकला नव्हता, पण घरातल्या कपाटाचा आवाज बाई विसरते का? त्या खोलीत एक खाट, एक ट्रॉली, आणि दाराला पडदा. मी सिस्टरला विचारलं, लॉकर कुणी उघडलं? तिनं माझं कपाळ पुसलं आणि इथं लॉकर नाही ताई, जोर लावा, म्हणाली. मी लावला. आत काहीतरी सैल झालं, घट्ट बांधलेल्या पोत्याचं तोंड सुटावं तसं. दोन कळांत मुलगी बाहेर आली, आणि असली रडली की नुकतेच पोचलेले भूलतज्ज्ञ जिन्यातूनच हसत वर आले. कागदावर वेळ लिहिली आहे, चार वाजून दहा मिनिटं.

संध्याकाळी सहाला सासूबाई कशाबशा येऊन पोचल्या. त्यांच्या हातात पिवळं टोपडं होतं. निळा गोंडा. मग खाली मान घालून, चोरी पकडली गेल्यासारख्या त्या सांगायला लागल्या.

तीन वाजता प्रमोदनं घरी फोन केल्ता, बाळ अडलंय म्हणून. ते ऐकून शेजारची शेवंताआजी आली. हिनं एके काळी गावातली अर्धी बाळंतपणं केलेली. ती म्हणाली, बाई अडली की घरात कुलूप, गाठ, झाकण काही बंद ठेवू नये, सगळं मोकळं करावं. एरवी सासूबाईंनी तिलाही बादली दाखवली असती. त्या दिवशी मुकाट उठल्या. धान्याच्या कोठ्या, पेट्या, पापडाचे डबे, माझ्या साड्यांचं गाठोडं... शेळीचं दावंसुद्धा सोडलं. (शेळीनं शेवंताआजीची वाफाभर कोथिंबीर फस्त केली. सल्ला तिचाच, त्यामुळं तिला बोलायची सोय नव्हती.)

राहिलं फक्त लॉकर. दोघींनी मूठ धरून ओढलं, हिसके दिले, ते हललं नाही. शेवंताआजी कुऱ्हाड आणायला गेली आणि सासूबाई कपाटापुढं बसून राहिल्या. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं. मी कधी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं.

"मी तिला म्हणलं, बाई, तुझ्या भावंडाला येऊ दे आता," सासूबाई म्हणाल्या. "मंग ते उघडलं. मी हात लावला न्हाई गं. आपलं आपण उघडलं."

त्यांनी तिथूनच प्रमोदला फोन लावला, तिकडं काय झालं म्हणून. तो कॉल त्याच्या मोबाईलमध्ये मी स्वतः पाहिला, चार वाजून अकरा मिनिटं. त्यानं उचलला तेव्हा मागं मुलगी रडत होती.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून झालंय. दुखण्यात भास होतात, मान्य. योगायोग असतात, मी वर्गात तेच शिकवते. कुलूप नीट लागलं नसेल? दोन बायकांनी हिसके देऊन पाहिले होते. कुणी चावीनं उघडलं असेल? चावी माझ्या पर्समध्ये, आणि पर्स दिवसभर माझ्या आईच्या मांडीवर. भोकरदनहून कुलूपवाला बोलावला. त्यानं अर्धा तास खटपट केली आणि म्हणाला, "मॅडम, कुलूप एकदम चांगलंय. चावीबिगर उघडायचं न्हाई." सासूबाई खोटं बोलतील? त्या तर हे कुणाला सांगायलाही लाजतात. मी लिहिणार म्हटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, माझं नाव बदल. बदललंय.

टोपडं त्या संध्याकाळी धाकटीच्या डोक्यावर चढलं, अगदी बराबर बसलं. मग मी रडले. धाकटी झाली म्हणून रडले, आणि पहिलीसाठीही, ते रडणं चार वर्षं राहून गेलं होतं. सासूबाई पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

आज धाकटी तीन वर्षांची आहे. लॉकर रिकामं असतं, त्याला कुलूप नसतं. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही, लिंबं अजूनही उडवते. कुणी विचारलं लॉकर कसं उघडलं, तर सांगते — माहीत नाही. आणि कुणी विचारलं मुलं किती, तर आता सांगते — दोन मुली.