आपांची ओढणी

आपा वर्गात आल्या की हातातलं काहीतरी खाली सोडायच्या. कधी किल्ल्या, कधी लिंबू. मग विचारायच्या, "कोणी कोणाला ओढलं?" आम्ही ओरडायचो, "पृथ्वीने लिंबाला!" "आणि लिंबू काय रिकामं बसलं होतं? त्यानेही पृथ्वीला तितक्याच जोराने ओढलं. ती जड म्हणून हललेली दिसत नाही, इतकंच." पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या.

वर्गात कोणी गप्प बसलेलं त्यांना खपायचं नाही. दर्शना मात्र गप्पच असायची. ती जवळच्या नेरे गावाहून यायची, अंगाने चांगली दणकट. पहिल्याच आठवड्यात ती 'आमी', 'नाय' म्हणाली आणि वर्ग हसला. तेव्हापासून तिने तोंड मिटलं होतं. "बेटा, बरोबर उत्तर कुठल्याही बोलीत बरोबरच असतं," आपा म्हणायच्या. दर्शना मान खाली घालायची.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी आपांनी आम्हा दोघींनाच निवडलं. थर्माकोलची पृथ्वी, तारेवर फिरणारा चंद्र. जाताना रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि मांडीवरच्या पृथ्वीचा चुराडा झाला. मी रडायला लागले. आपांनी खांद्यावरची सुती ओढणी काढून तिला पीळ दिला.

"मॉडेल तुटलं. गुरुत्वाकर्षण तुटलं का? धरा टोकं!"

परीक्षकांसमोर मैदानातच आम्ही गरगर फिरलो. मी काटकुळी म्हणून चंद्र, दर्शना पृथ्वी. "पृथ्वी ओढते, तर चंद्र पडत का नाही?" परीक्षकांनी विचारलं. उत्तर मी द्यायचं ठरलं होतं, पण धाप लागून शब्द फुटेना.

"पडतोच हाय, सर," दर्शना म्हणाली. "पन बाजूला पन पलतोय. म्हनून जमीन त्याला गावत नाय."

भोवतीची मुलं हसली. ती थांबली नाही. "आनि पृथ्वी पन एका जागी नसते. चंद्र बी तिला ओढतो. माजे पाय बगा!"

धुळीत माझ्या मोठ्या वर्तुळाच्या मधोमध तिच्या पावलांचं इवलंसं वर्तुळ उमटलं होतं. परीक्षक वाकून बघत राहिले. आपा एवढंच म्हणाल्या, "आमची ओढणी दिसते, आकाशातली दिसत नाही."

पहिला नंबर आमचा! दर्शनाचं नाव पुकारलं तेव्हा आपांनी सगळ्यांदेखत दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

गेल्या वर्षी आपा निवृत्त होऊन मुलाकडे मस्कतला निघाल्या. निरोप समारंभात माजी विद्यार्थिनींतर्फे बोलायला मी उठणार, तोच दर्शनाने मला खाली बसवलं.

"आज मी बोलनार. आमच्या आपा हायेत त्या."

अर्धा तास ती बोलत होती, आणि पहिल्या रांगेतल्या आपा तिच्या प्रत्येक 'हाय'ला मान डोलवत होत्या.