काचवाल्याच्या नावाची डबी

वस्तीत त्याला सगळे काचवाला म्हणायचे. खिडक्यांना, कपाटांना काचा बसवायचं त्याचं दुकान होतं. बायको त्याच दुकानात मागच्या बाजूला बसून फोटोंच्या चौकटी करायची. त्याची बोटं जुन्या-नव्या कापल्याच्या खुणांनी भरलेली. रक्त आलं की फडक्याला पुसायचा आणि पुढचं माप घ्यायचा. भीती त्याला एकाच गोष्टीची होती, तपासणीची. त्याचा थोरला भाऊ चांगला हिंडता-फिरता माणूस. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेला, दुर्बीण घातली, आतड्यात कॅन्सर निघाला आणि घरी आला तो हाडांचा सापळा होऊन. तेव्हापासून काचवाल्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, न बघितलं तर काही नसतं.

मग साठी उलटलेल्यांना सरकारी विम्यातून आतड्याची तपासणी मोफत मिळायला लागली. शौचाचा नमुना एका लहान डबीत घालून द्यायचा, एवढंच. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, तर पुढची दुर्बिणीची तपासणीही विम्यातच. नाही सापडलं, तर दोन वर्षांनी पुन्हा डबी. दवाखान्यातल्या सिस्टर दुकानात येऊन नवरा-बायकोच्या नावाच्या दोन डब्या ठेवून गेल्या.

बायकोने आपली डबी लगेच दिली. काचवाला मात्र रोज टाळायचा.

"माझं पोट माझ्या वाटेला जात नाही, मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?"

"अहो, डबीच द्यायची आहे, किडनी नाही."

सिस्टर रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "काका, तुमची डबी राहिली." शेवटी एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "तूच भर ना माझीही. त्यांची कटकट मिटेल. आत काय माझं नाव लिहिलेलं असतं का?"

ती हसली. "लग्न झाल्यापासून तुमची सगळी कामं केली, हे तेवढं राहिलं होतं." पण त्याच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा तिचं हसू मावळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पुढे वाद घातला नाही. डबी भरली आणि त्याच्या नावावर देऊन आली.

काही दिवसांनी सिस्टरचा फोन आला. काकूंच्या डबीत काही नाही, काकांच्या डबीत रक्त आहे. घाबरायचं कारण नाही, दुर्बिणीसाठी वेळ घेते.

फोन ठेवल्यावर काचवाल्याच्या जिवात जीव आला. आपलं नाही ते. दुसऱ्याच क्षणी त्याची नजर मागे गेली. बायको तोंडात खिळे धरून चौकट ठोकत होती.

त्याने तिला सांगितलं. तिने खिळे काढून हातावर घेतले. "पहिल्या डबीत तर काही नव्हतं. दोन्ही माझ्याच ना? मूळव्याध आहे मला, तिचंच असेल." मग थोडं थांबून म्हणाली, "सिस्टरना सांगून टाकू या का?"

"कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि फसवणूक केली म्हणून दोघांचा विमा बंद केला तर?"

सांगायचं तसंच राहिलं. सिस्टरचे फोन येत राहिले. त्याने आधी काम आहे म्हणून सांगितलं, मग फोन उचलणंच सोडलं. मूळव्याध आहे, असं दोघं एकमेकांना सांगत राहिली, आणि तिचे कपडे तिला सैल होत गेले. हातोडी उचलताना तिला दम लागायचा. एक दिवस ती दुकानातच चक्कर येऊन पडली.

तिला शेजारणीकडे सोपवून काचवाला धावत दवाखान्यात गेला आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर बोलून मोकळा झाला. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, यासाठी कोणी विमा बंद करत नाही. एक फोन केला असता, तर काकूंची वेळ तेव्हाच घेतली असती मी."

दुर्बीण झाली. गाठ आतड्यात होती आणि यकृतापर्यंत पोचली होती.

"फोन आला तेव्हाच आलो असतो तर?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"तेव्हा किती पसरलं होतं, ते आता सांगता येणार नाही."

"अंदाजाने सांगा."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "लवकर येतात त्यांतले बरेच बरे होतात. याहून जास्त मी काय सांगू?"

औषधं सुरू झाली, तिचे केस गेले, मग तिनेच पुरे म्हटलं. जायच्या आधी तिने त्याला बजावलं, "मुलीला डबीचं सांगू नका. ती तोडून टाकेल तुम्हाला. माझ्यामागे तिच्याशिवाय कोण आहे तुम्हाला?" त्याने मान हलवली. ते वर्ष काही तिला पुरं करता आलं नाही.

पुढे मुलगी सासरहून अधूनमधून येऊन जेवण करून ठेवायची. एकदा भांडी घासताना ती म्हणाली, "आईने वेळेवर तपासणी केली, तरी त्यांना सापडलं नाही. फुकटच्या तपासण्या अशाच. सासूबाईंची डबी आली होती, मी कचऱ्यात टाकायला लावली."

काचवाला भिंतीला टेकून बसला होता. दिलेला शब्द त्याला आठवत होता. पण मुलीची सासू त्याच्या बायकोच्याच वयाची होती.

"त्यांना सापडलं होतं," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं.

नळ वाहतच राहिला. बऱ्याच वेळाने मुलीने तो बंद केला.

"म्हणजे तुमच्या नावाच्या डबीत आई होती."

"हो."

तिने हात पुसले, चपला घातल्या आणि ती गेली. जेवण बंद झालं. तो फोन करायचा, ती उचलायची नाही. सासूला मात्र तिने दुसरी डबी आणून दिली, हे त्याला सिस्टरकडून कळलं.

मग काचवाला स्वतःहून दवाखान्यात गेला आणि डबी मागून घेतली. ती त्याने स्वतः भरली. रक्त निघालं. दुर्बिणीच्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन देतात, सोबत घरचं माणूस लागतं. सिस्टरनी मुलीला कळवलं. ती आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आतड्याला आतून मांसाचा एक लहानसा कोंब आला होता, काढून टाकला. राहिला असता तर पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकला असता. वेळेवर आलात."

मुलगी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दवाखान्याच्या जिन्यावर त्याचा तोल जात होता, म्हणून तिने दंड धरला. रस्त्यावर आल्यावर सोडला. घरी तिने त्याला अंथरूण घालून दिलं, उशाशी पाणी ठेवलं.

"तुझ्या आईला..." त्याने सुरुवात केली.

"बाबा, तिचं नाव काढू नका." आवाज चढला नव्हता. "झोपा आता. जाताना शेजारी सांगून जाते."

दार ओढल्याचा आवाज आला. शेजारच्या घरात ती काहीतरी बोलली, मग पावलं जिन्यावरून खाली गेली. काचवाला जागाच होता.